देवरे सरांच्या नावाची मूठ

देवरे सरांना मी आधी ऐकलं आणि मग पाहिलं. लिंबायतमध्ये साड्यांच्या घड्या घालण्याच्या एका कारखान्याच्या माडीवर आमचा क्लास होता. एकच लांबट खोली, आणि मधोमध डागी निघालेल्या साड्या जोडून केलेला पडदा. पडद्याच्या अलीकडे मी गणित शिकवायची, पलीकडे ते इंग्रजी. मी वर्ध्याहून लग्न होऊन आलेली, नवरा पांडेसऱ्याला कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाउसमध्ये, आणि सुरतेत माझं स्वतःचं म्हणावं असं अजून कोणी नव्हतं. पहिल्याच दिवशी मी फळ्यावर समीकरण मांडत होते, तेवढ्यात पलीकडून एक सावकाश, जरासा झोपेतून उठल्यासारखा आवाज आला.

"द मून इज कन्सिडर्ड ब्युटिफुल. कोणाकडून?"

"बाय एव्हरीबडी, सर!" पोरापोरींचा कोरस.

"सगळ्यांना विचारलं का कोणी? मला तरी नाही विचारलं." मग खिडकी उघडल्याचा आवाज, आणि मग, "चंद्राला तर कोणीच नाही विचारलं."

मी खडू खाली ठेवला. म्हटलं, झालं! या माणसाच्या शेजारी बसून आपण मुलांना वर्गमूळ शिकवायचं म्हणजे कल्याणच आहे.

क्लास सुटल्यावर पडदा सरकवून ते बाहेर आले. उंच, किडकिडीत, शर्टाची एक बाही दुमडलेली आणि दुसरी तशीच. बोलताना ते आपल्याकडे न बघता आपल्या डोक्याच्या किंचित वर बघायचे. आपल्यामागे कोणीतरी येऊन उभं आहे असं वाटायचं. पहिले कित्येक दिवस मी वळून बघत असे. तिथे भिंत असायची, आणि भिंतीवर मीच लावलेला पाढ्यांचा तक्ता.

लिंबायतमध्ये मागांची खटखट बंद म्हणून नसते. मला तिच्यामुळे डोकेदुखी व्हायची. सरांनी मात्र तिला नोकरीलाच ठेवलं होतं. ते मुलांकडून वाक्यं म्हणून घ्यायचे ती मागाच्या ठेक्यावर. शेजारच्या मागांच्या खात्यात वीज गेली आणि खटखट थांबली की वर्गही अडखळायचा, आणि सर म्हणायचे, "थांबा. येईल." मग सगळे वीज येण्याची वाट बघत बसायचे, आणि ते खिडकीशी जाऊन खाडीकडे बघायचे. खाडीचं पाणी कधी तांबूस असे, कधी जांभळट. सर त्यावरून यंदा कुठल्या रंगाच्या साड्या चालणार याचा अंदाज सांगत. अंदाज हमखास चुकायचा. पण मुलींना तो आवडायचा आणि त्या त्या रंगाची ओढणी घेऊन येत.

चालताना तर ते कुठे असत ते देवालाच ठाऊक. घरापासून क्लास हाकेच्या अंतरावर, पण विचारांच्या नादात क्लासचा जिना मागे टाकून ते थेट रेल्वेखालच्या गरनाळ्यापर्यंत जाऊन पोचत. रिक्षावाल्यांना हे पाठ झालं होतं. एखादा त्यांना बसवून परत आणून सोडायचा आणि पैसे घ्यायचा नाही. "सर, तुमचा क्लास राहिला मागे," एवढंच म्हणायचा. सर रिक्षातून उतरताना त्याचे असे आभार मानत, जसं काही त्याने त्यांना परगावाहून आणलंय.

सकाळी ते पर्वत पाटियाच्या एका साडीवाल्या शेठकडे जात. शेठ साड्या फोनवरून, ऑनलाइन देशभर विकायचा, आणि प्रत्येक साडीखाली इंग्रजीत चार ओळी लागत. त्या सर लिहीत. एकदा मी साडी घ्यायला तिथे गेले असताना दोघांचं चाललं होतं.

"सर, आ 'कन्सिडर' काढी नाखो ने. बेस्ट एटले बेस्ट," शेठ म्हणत होता.

"नुसतं बेस्ट लिहिलं तर ते मी म्हणतोय असं होईल, शेठ."

"तो कहो ने!"

"मी ही नेसून पाहिलेली नाही," सर अगदी गंभीरपणे म्हणाले.

शेठने कपाळाला हात लावला. पण साडी तशीच गेली, कन्सिडर्डसकट, आणि म्हणे खपलीही चांगली. मला शेठने त्याच साडीवर सवलत दिली. ती मी अजून नेसते, पण ती बेस्ट आहे असं मी काही म्हणणार नाही.

लोक एखाद्या गोष्टीला काय समजतात, हे इंग्रजीत सांगायच्या जेवढ्या म्हणून तऱ्हा आहेत, तो सरांचा जीव की प्राण असलेला धडा. वर्षातून तीनदा तरी तो यायचा, पुस्तकात असो नसो. 'थिंक ऑफ अ‍ॅज' हा घरात वापरायचा शब्द. 'सी अ‍ॅज' जरा अंगणातला. 'रिगार्ड अ‍ॅज' कोट घालून येतो, आणि 'लुक अपॉन अ‍ॅज' लग्नाच्या बैठकीत लोडाला टेकून बसतो. या सगळ्यांना 'अ‍ॅज'ची सोबत लागते, एकटा 'कन्सिडर' तेवढा बिनसोबतीचा हिंडतो. हे मला आज झोपेतही सांगता येईल. मी गणिताची बाई असून माझं इंग्रजी सुधारलं ते पडद्याच्या कृपेने.

धड्याच्या शेवटी प्रत्येकाने स्वतःबद्दल एक वाक्य करायचं. लोक मला काय समजतात, आणि कोण लोक. मार्केटमध्ये साड्यांचं पॅकिंग करणारी वैशाली उठली आणि तिने ठणकावून सांगितलं, "आय अ‍ॅम कन्सिडर्ड लेझी बाय माय ब्रदर, हू स्लीप्स टिल टेन." पडद्याच्या माझ्या बाजूचीही मुलं हसली. मग मागावर काम करणारा बापू उठला. तिशीचा गडी, अमळनेरकडचा, बोलायला लाजायचा. त्याने दोन वाक्यं केली होती. "इन माय व्हिलेज आय अ‍ॅम सीन अ‍ॅज अ सुरत मॅन. इन सुरत आय अ‍ॅम सीन अ‍ॅज अ व्हिलेज मॅन."

कोणी हसलं नाही. मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. सर खिडकीशी उभे होते, पाठमोरे.  न वळताच म्हणाले, "बरोबर आहे, बापू. दोन्ही बरोबर आहेत. बस." त्या दिवशी त्यांनी क्लास लवकर सोडला. मला तेव्हा ते जरा जास्तच झालं असं वाटलं. एवढं काय हळवं व्हायचं व्याकरणावरून!

का, ते मला श्रावणात कळलं. श्रावण लागला की सरांचं लक्ष साफ उडायचं. खडूऐवजी पेनाने फळ्यावर लिहायला जायचे. फोन वाजला की दचकायचे, बघायचे, आणि खिशात ठेवून द्यायचे. मी वैशालीला विचारलं, सरांना झालंय तरी काय? तिने पदराआडची गोष्ट सांगावी तशी हळू आवाजात सांगितली.

"मॅडम, कानबाई येस ना आते."

आमच्या वर्ध्याकडे कानबाई नाही. खानदेशात मात्र नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर ती बसते. नारळालाच नथ घालून, दागिने घालून देवी करतात, रात्रभर गाणी म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीवर नेतात. सुरतेत आलेल्या खानदेशी माणसांनी गाव मागे ठेवलं, पण कानबाईला ट्रेनमध्ये बसवून सोबत आणलं. त्या दिवशी रोट करतात. त्याचे गहू मोजायची पद्धत निराळी. घरातला वडीलधारा भाऊबंदकीतल्या एकेका पुरुषाचं नाव घेतो आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतो. काल जन्मलेल्या पोराचीसुद्धा मूठ निघते. ज्याच्या नावाची मूठ निघाली तो घरचा.

सरांच्या नावाची निघत नव्हती. त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे नाना म्हणत, पर्वत पाटियाला राहायचे, आणि देवरेंची कानबाई त्यांच्याकडेच बसायची. सरांनी उतारवयाकडे झुकताना हंसाबेनशी लग्न केलं. हंसाबेन गुजराती, विधवा, घरी साड्यांना लेस लावून देणारी. जातीबाहेरची, त्यातून पुन्हा दुसरेपणाची. नानांनी भांडण केलं नाही, आरडाओरडा केला नाही. फक्त त्या श्रावणात नावं घेताना एक नाव घेतलं नाही. सर तिथे समोरच बसलेले होते म्हणे. उठले, चप्पल घातली आणि निघून आले. तेव्हापासून दर श्रावणात त्यांचे डोळे फोनकडे.

एवढं ऐकल्यावर मला सरांचा राग आला. मी म्हटलं, अहो, जाऊन सांगा ना भावाला चार शब्द! सर माझ्या डोक्यावरच्या पाढ्यांकडे बघत म्हणाले, "मॅडम, कोणी आपल्याला आपलं मानावं म्हणून हट्ट कसा धरायचा? मानून घेतलं तर ते मानणं कसलं?" आणि चहा घ्यायला निघून गेले. कप मात्र माझाच घेऊन गेले.

पुढच्या श्रावणात ते घडलं. हंसाबेनने नवऱ्याची ही घालमेल किती वर्षं बघायची? ही बाई बोलायला कमी आणि करायला घट्ट. तिने शेजारणीला गाठून रोट कसे करतात ते विचारून घेतलं. गहू कसे मोजायचे, जातं कसं धुवायचं, पीठ कसं भिजवायचं, शेजारणीने सगळं सांगितलं. एकच गोष्ट सांगायची राहिली. रोट भाऊबंदांशिवाय कोणी खायचा नसतो. बाहेरच्याला कणभरही द्यायचा नाही, टाकायचाही नाही, घरच्यांनीच संपवायचा. खानदेशी बाईला ही गोष्ट इतकी उघड की ती कोणाला सांगावी लागते हेच तिच्या डोक्यात येत नाही. आणि गुजराती बाईला प्रसाद म्हटला की तो वाटायचा, हे तितकंच उघड.

सोमवारी दुपारी हंसाबेन डबा घेऊन जिना चढून आली. चेहऱ्यावर असा आनंद की बघत राहावं. सर यायचे होते, बहुधा गरनाळ्यापाशी असतील. "लो बेन, प्रसाद," असं म्हणून तिने माझ्या हातावर अर्धा रोट ठेवला. तिने तो भाखरीसारखा केला होता, खुसखुशीत, वर तूप. मग तिने माझ्या वर्गाला वाटला, मग पडद्यापलीकडे. बापू सकाळच्या पाळीवरून उपाशीच आलेला, त्याने बघितलं न बघितलं तोंडात टाकला. वैशालीने मात्र हातात घेऊन वास घेतला आणि ती किंचाळलीच.

"बेन! हाऊ रोट शे ना? हाई काय करं तुमीन!"

तिने भराभरा सगळं सांगितलं. हंसाबेन ऐकत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. डबा छातीशी धरून ती भिंतीला टेकली. माझ्या तोंडातला घास आत जाईना आणि बाहेर काढायची सोय नाही. तेवढ्यात सर आले. त्यांनी एकेकाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. काय झालंय ते त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. ते माझ्यापाशी आले आणि माझ्या हातातला उरलेला तुकडा त्यांनी उचलला.

"अहो सर, उष्टा आहे तो!"

त्यांनी तो खाल्ला. उभ्याउभ्याच, हळूहळू, डोळे मिटून. आम्ही सगळे बघत होतो.

"हंसा," ते म्हणाले, "मीठ जरा जास्त झालंय." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी ते पुसलंही नाही. मला मेलीला दुसरं काही सुचेना, मी मुलांना म्हटलं, चला, गणितं काढा. कोणी काढली नाहीत.

लिंबायतची गोष्ट पर्वत पाटियाला पोचायला फोन पुरे होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यावर काठी वाजली. नाना आले होते. पांढरी टोपी, पांढरा पायजमा, आणि सरांचाच चेहरा, फक्त जागा असलेला. ते सरळ समोरच्याच्या डोळ्यांत बघत. वर्गातली मुलं आपोआप उभी राहिली. मी पडदा बाजूला सारला. उगाच फटीतून बघायचं नाटक कशाला करा!

"यशवंत, हाई काय ऐकी राहिनू मी? देवरेसना रोट गल्लीमा वाटात?"

"तिले माहीत नव्हतं, नाना."

"आनि तुले?"

सरांनी वर्षानुवर्षं ज्या आवाजाची वाट पाहिली तो आवाज समोर होता, आणि तो असं विचारत होता. मला वाटलं, आता हे आपलं शेवटचं बोलणं होणार या दोघांचं. वैशाली खाली धावत गेली होती, ती हंसाबेनला घेऊन आली. हंसाबेनने थोरल्या दिरापुढे डोक्यावरून पदर पुढे ओढलेला, हातात उरलेल्या रोटांची थाळी. टाकायचे नसतात हे कळल्यापासून तिने ते झाकून ठेवले होते.

नानांनी तिच्याकडे न बघता विचारलं, "कोना कोना नावनी मूठ लिनी?"

पदराआडून आवाज आला, अगदी बारीक. "मोटाभाई, पहेली तमारा नामनी."

नानांनी मान वळवली. हंसाबेन सांगत गेली. मग मधल्या भावाची. मग पुतण्यांची, थोरल्यापासून क्रमाने. मग पांडेसऱ्याला नुकत्याच झालेल्या नातवाची, ज्याचं तोंडही तिने पाहिलं नव्हतं. ही नावं तिला कोणी सांगितली होती? सर जेवताना सांगायचे म्हणे. रोज. कोण कितवीत गेला, कोणाला नोकरी लागली, कुठून कुठून कळलेलं सगळं. "अने छेल्ली एमनी," ती म्हणाली. शेवटची यांच्या नावाची.

नाना पहिल्या बाकावर बसले. त्या बाकावर आठवीची पोरं बसत, त्यांचे गुडघे वर आले. शेजारच्या खात्यात माग चालू होते, तेवढाच आवाज.  मग खिशातून मोठा रुमाल काढला, थाळीतले रोट एकेक करून त्यात ठेवले, गाठ मारली. तो हातात धरून उठले. दाराशी आमच्याकडे, खाणाऱ्या परक्यांकडे, त्यांनी एकदा करडी नजर टाकली.

"खादं ते खादं," ते म्हणाले. "पचाडा आते."

आणि उतरून गेले. जाताना भावाशी एक अक्षर नाही, भावजयीशी नाही. सर खिडकीतून ते जाताना बघत होते. नाना रस्त्यावर उभे राहिले, रिक्षा थांबवली, पण रुमाल काही त्यांनी बाजूला ठेवला नाही. मांडीवर दोन्ही हातांत धरून ते बसले. सरांनी ते मला सांगितलं, पुन्हा सांगितलं, आणि संध्याकाळी तिसऱ्यांदा सांगायला आले.

त्यानंतर वर्षभर पुन्हा शांतता. सर फोनकडे बघत राहिले आणि 'रिगार्ड अ‍ॅज' शिकवत राहिले. माझ्या नवऱ्याला वापीला चांगली नोकरी मिळाली, आमचं सामान बांधायला काढलं. श्रावण आला. मी सुरत सोडायच्या आधीच्या शनिवारी हंसाबेन धापा टाकत माझ्या दारात आली. नानांकडून बोलावणं होतं. पुतण्याने फोन केला होता, एवढंच म्हणाला होता की उद्या कानबाई आहे, आज गहू काढायला काकांनी यावं. मलाही चला म्हणून ती हात ओढायला लागली. मी म्हटलं, मी कोण? तर म्हणाली, "तमे तो खाधु छे! आता कसल्या बाहेरच्या?" तिचं मराठी असं ऐन वेळी बाहेर यायचं.

नानांच्या घरी बैठकीच्या खोलीत पांढऱ्या धोतरावर गव्हाची रास. भोवती सगळे भाऊबंद. बायका दाराशी, आम्ही त्यांच्यात मागे. सर भिंतीला टेकून बसले होते, हात मांडीवर, नजर नेहमीसारखी सगळ्यांच्या डोक्यावरून कुठेतरी. ते जागे आहेत की नाहीत असं वाटावं. हंसाबेनची बोटं माझ्या दंडात रुतली होती. बोलावलं होतं खरं, पण बोलावणं म्हणजे मूठ नव्हे. एकदा असंच समोर बसवून नाव गाळलेलं होतं, आणि हे त्या खोलीत प्रत्येकाला ठाऊक होतं.

नानांनी स्वतःचं नाव घेतलं, मूठ काढली. मधल्या भावाचं घेतलं, काढली. मग त्यांचा हात राशीवर आला आणि तसाच राहिला. कोणीतरी खोकलं. एक लहान मूल काहीतरी विचारायला लागलं, त्याला आईने गप्प केलं.

"यशवंत," नाना म्हणाले. "आठे ये."

सर दचकले. उठले, राशीपाशी जाऊन उकिडवे बसले.

"तुन्ही मूठ तू ले."

खोलीत कुजबुज झाली. असं कोणी करत नाही. मूठ वडीलधाऱ्यानेच काढायची असते. मधला भाऊ तसं म्हणालाही. नानांनी आपला तळहात राशीवरून मागे घेतला, उलटा करून बघितला, आणि पायजम्याला पुसला.

"मना हातले लाज वाटस," ते म्हणाले.

सरांनी भावाकडे पाहिलं. डोक्यावरून नाही, डोळ्यांत. मग त्यांनी उजवा हात गव्हात घातला, मनगटापर्यंत. मला सोमवारी पहाटे वापीची गाडी पकडायची होती, आवराआवर पडली होती, नवऱ्याचे फोन येत होते. मी निघाले तेव्हा मागे वळून पाहिलं. सर तसेच बसले होते, हात गव्हात, मूठ अजून वर काढलेली नव्हती. आणि त्या भरल्या घरात त्यांना कोणीही घाई करत नव्हतं.